दोन साखळ्या, अठ्ठावन्न कड्या

सोमवार, ४ नोव्हेंबर

नोकरी संपून आठ महिने झाले आणि आज पुन्हा कोणीतरी मला ‘मोजणीदार’ म्हणून हाक मारली. नव्या शर्यत मंडळाचे चिटणीस स्वतः घरी आले होते. उंच माणूस. आमच्या दारात वाकायला विसरले आणि चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. हिने ओला फडका आणून दिला. तो कपाळावर धरूनच त्यांनी काम सांगितलं. नदीकाठची दलदल बुजवून झाली आहे. तिथे घोड्यांच्या शर्यतीसाठी कायमची धावपट्टी आखायची आहे, आणि मैल म्हणजे मैलच भरला पाहिजे.

आजवर आमच्या शहरात शर्यती होत नव्हत्या असं नाही. पण जकात नाक्यापासून घोडे सुटणार, पुलाशी पोहोचणार, आणि मधे शेळ्या, वाळत घातलेले कपडे, एकदा तर मडक्यांनी भरलेली उलटी गाडी. मागच्या वर्षी ‘नाका म्हणजे नाक्याचं दार की नाक्याची भिंत’ यावरून दोन घोडेमालकांनी एकमेकांच्या गळपट्ट्या धरल्या होत्या. तेव्हापासून शहाण्या लोकांनी मंडळ काढलं. कुंपण, पंच, वजनाचा काटा, कळ दाबली की थांबणारं घड्याळ, सगळं रीतसर.

“तुमच्याशिवाय हे दुसऱ्या कोणाला जमायचं नाही,” चिटणीस म्हणाले. खरं आहे ते. एकतीस वर्षं मी रस्ते मोजले. दोनशे बारा मैलांचे दगड मी रोवले आहेत आणि त्यातला एकही हातभर इकडे तिकडे निघालेला नाही. पण त्यातल्या एकावरही माझं नाव नाही. आकडा तेवढा असतो. मी हे सहज बोलून गेलो, तर चिटणीस म्हणाले, “मग या मैलाच्या दगडावर तुमचं नाव कोरू.”

मी कप बशीत ठेवला तो बशीबाहेर गेला. हिने टेबल पुसलं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

मागच्याला बोलावून घेतलं. त्याचं खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक असेल. एकतीस वर्षं साखळीचं पुढचं टोक माझ्या हातात आणि मागचं त्याच्या, म्हणून तो मागचा. साखळी सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची. आम्ही दोघं जन्मभर एकमेकांशी सहासष्ट फुटांवरून बोलत आलो, त्यामुळे घरात बसूनही तो ओरडूनच बोलतो. आता त्याचा उजवा गुडघा दुखतो, पण मैदानाचं नाव काढताच उठून उभा राहिला.

“वहिनी, जातो बरं का,” एवढं म्हणून माझ्याआधी बाहेर पडला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज आखणी पुरी झाली. पट्टी साठ फूट रुंद आणि बरोबर मधोमध खुंट्यांची रांग. त्या रांगेवरून मोजल्यावर एक चक्कर शहात्तर साखळ्या भरली. मैलाला ऐंशी लागतात. म्हणून सुटण्याची जागा जिंकण्याच्या खांबाच्या चार साखळ्या मागे घेतली. तिथून निघून पुरती एक चक्कर मारून खांबाशी आलं की एक मैल. हिशेब असा गोळीबंद बसला की मला टोपी उडवावीशी वाटली. उडवली नाही, कारण मजूर बघत होते.

मागच्याने मात्र मधेच एक फाटा फोडला. दुसऱ्या वळणावर साखळी खाली ठेवली आणि लंगडत माझ्यापर्यंत आला. “साहेब, हे मधून मोजतोय आपण. घोडी तर आतल्या कुंपणाला चिकटून वळतील.”

मी म्हटलं, “रस्ता कुठून मोजतात?”

“मधून.”

“का?”

“गाड्या मधून जातात म्हणून.”

“मग? घोडा गाडीला जुंपला की मधून जातो आणि सोडला की त्याला भूमिती येते का?” मजूर हसले. मीही चेव येऊन पुढे बोललो, “आणि मोजणी पुढच्या टोकाची असते की मागच्या?”

त्यावर तोही हसला, परत जाऊन टोक उचललं आणि संध्याकाळपर्यंत मुकाट काम केलं. बरं वाटलं. वाद घालायचा त्याचा स्वभावच नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

हिला धावपट्टी दाखवायला नेलं. पूर्ण चक्कर मारली. मी खुंट्यांवरून चाललो, ही आतल्या कडेने गप्पा मारत. दोनदा चाललो आणि दोन्ही वेळा ही माझ्याआधी खांबाशी जाऊन उभी. मी पट्टीचा चालणारा, पण हिला कुठेही पोहोचायची घाई फार. लग्नालाही मांडवात माझ्याआधी आली होती.

शनिवार, ७ डिसेंबर

पहिली शर्यत! सगळं शहर लोटलं होतं. एका बाजूला बग्ग्या आणि छत्र्या, दुसऱ्या बाजूला बाकीची दुनिया, झाडांवर माणसं, माणसांच्या खांद्यांवर माणसं. स्वारांची वजनं बाजारातल्या धान्याच्या काट्यावर केली, तेव्हा एका जाड्या स्वाराला कोणीतरी “अर्धंच पोतं द्या” म्हणालं आणि हशा पिकला. सुटण्याचं निशाण हिने शिवलेलं. लाल. एकदाच फडकलं आणि आठ घोडे एकाच वेळी सुटले. असं या शहरात आधी कधी झालेलं नाही.

कापडवाल्यांची तांबडी घोडी जिंकली. अंगाने बारीक, पाय लांब, कपाळावर पांढरा ठिपका. चिटणिसांनी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग शेजारच्याला दाखवलं. एक मिनिट त्रेचाळीस सेकंद. बंदराकडल्या त्या मोठ्या शहरात, जिथे साठ वर्षं शर्यती चालू आहेत, तिथलीही सगळ्यांत चांगली वेळ याहून दीड सेकंदाने जास्त आहे म्हणे. लोक कुंपण ओलांडून आत आले. कापडवाले तर घोडीच्या गळ्यात पडून रडले.

चिटणीस माझा हात दाबून म्हणाले, “घोडी चांगली, पण जमीन तुमची हो!” मी म्हटलं, मी फक्त मोजली. पण खरं सांगायचं तर उताराचे चर मीच काढायला लावले होते. पाणी साठत नाही, म्हणून जमीन पायाला उसळी देते. हे उद्या लिहून मंडळाला द्यायला हवं.

मागचा आला नव्हता. गुडघा.

सोमवार, ९ डिसेंबर

शांतपणे धावपट्टी पाहून आलो. आतल्या कुंपणालगतची चार-पाच हात पट्टी खुरांनी पार नांगरून निघाली आहे, पण माझी मधली रेषा बघून डोळे निवले. आठ घोडे गेले तरी एक खुंटी हललेली नाही, गवताची पात मोडलेली नाही. काम असावं तर असं.

शनिवार, २१ डिसेंबर

दुसरी शर्यत. पुन्हा तांबडी, पुन्हा त्रेचाळीस. गंमत म्हणजे पाववाल्याचा म्हातारा घोडा, जो रोज सकाळी गाडी ओढतो, तोही एक मिनिट एक्कावन्नला आला. पाववाला स्वतःच घाबरला. म्हणतो, याला आता पाव कोण ओढायला लावणार! मी त्याला जमिनीच्या उताराचं महत्त्व समजावलं. त्याने अर्धा तास ऐकून घेतलं. मग घोडाच कंटाळून निघून गेला, तेव्हा त्याला जावं लागलं.

मागचा आजही आला नाही. हिने तिळाचं तेल पाठवलं होतं गुडघ्याला. तेल घेतलं, निरोप काही दिला नाही. म्हातारपणी माणसं फुगतात.

शनिवार, ४ जानेवारी

मोठी बातमी. बंदराच्या शहरातल्या मंडळाने आपल्या तांबडीची वेळ ऐकून थेट आव्हान पाठवलं आहे. त्यांचा काळा घोडा आणि आपली घोडी, दोघंच, एक मैल. बोट वीस तारखेला सुटते. शहरात दुसरा विषय नाही. न्हाव्याने आज माझी दाढी करता करता तीनदा वस्तरा थांबवून विचारलं, “जिंकेल ना?” मी म्हटलं, घड्याळ खोटं बोलत नाही.

आणि आपला दगडही तयार होतोय. आज पाथरवटाकडे जाऊन पाहिला. काळा, घोटीव, कमरेइतका, शिवाय तीन हात जमिनीत जाणारा. वरचा ‘मैल’ कोरून झालाय. खाली माझं नाव खडूने लिहिलं आहे. मी खडूवरून बोट फिरवलं नाही, पुसलं जाईल म्हणून. येत्या अठराला समारंभ.

गुरुवार, ९ जानेवारी

आज सकाळी तांबडीचा मोतद्दार दारात उभा. घोड्यांच्या अंगाला हात लावून लावून त्याचे हात इतके मऊ झालेत की त्याने नमस्कार केला तरी आवाज येत नाही. ओशाळून बोलला.

“साहेब, एक विचारू? रागावू नका. धावपट्टी शर्यतीखेरीज बंद असते म्हणून मालक घोडीला रोज पहाटे मोठ्या रस्त्याच्या कडेने पळवतात. चौथ्या दगडापासून पाचव्यापर्यंत. तिथली कडा मऊ आहे.”

“बरं मग?”

“सेहेचाळीस आणि अर्धा. रोज. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. मालक म्हणतात, ती अंग चोरते. स्वाराला चाबूक वापरायला सांगतात. काल तिच्या मांडीवर वळ उठले. दाणा टाकून देतेय साहेब, माझ्या हातून खात नाहीये.” मग त्याने मान खाली घालून विचारलं, “रस्त्याचा मैल थोडा लांब असेल का?”

माझं डोकं सणकलं. चौथा दगड आणि पाचवा दगड मी स्वतः रोवलेत, एकोणीस वर्षांपूर्वी. मी त्याला सांगितलं की तो मैल हलायला आधी पृथ्वी हलली पाहिजे. तो “तसं असेल साहेब” म्हणून गेला.

आणि मग मला जेवण गेलं नाही. सरळ रस्त्यावर घोडी जलद पळायला हवी, वळणावर हळू. इथे उलटं आहे. साडेतीन सेकंदांचा फरक. रस्त्याचा मैल माझा, धावपट्टीचा मैलही माझा, आणि दोन्ही खरे असतील तर घोडी खोटी. हिला सांगितलं, तर ही म्हणाली, “घोडी कशाला खोटं बोलेल? तिच्या नावाचा दगड थोडाच बसवतायत.”

शुक्रवार, १० जानेवारी

आज जे झालं ते सगळं लिहितो.

सकाळी साखळी काढली. मागच्याला बोलवायचं धाडस झालं नाही, मजुरांसमोर हे करायची लाज वाटली. शेवटी ही म्हणाली, “द्या इकडे, एवढं काय, टोकच तर धरायचंय.” पदर खोचून मोठ्या रस्त्यावर चौथ्या दगडाशी उभी राहिली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एका गाडीवानाने विचारलं, “वहिनी, रस्ता विकायला काढलाय का?” ही म्हणाली, “हो, किती हवाय?”

टोक तिने असं घट्ट धरलं की तीसेक साखळ्यांनंतर मीच दमलो. ऐंशी साखळ्या, वर चार बोटं. रस्त्याचा मैल खरा निघाला. एकोणीस वर्षांनी, चार बोटं. दुसऱ्या कोणत्या दिवशी मी गावभर सांगत सुटलो असतो.

तिथून थेट धावपट्टीवर गेलो. खुंट्यांवरून चालू लागलो. ही आतल्या कुंपणाला धरून, कारण तिथे सावली होती. मी वळण पार करून बघतो तर ही पुढे. दुसऱ्या वळणाला आणखी पुढे. खांबाशी पोहोचलो तेव्हा ही कठड्याला टेकून उभी, श्वासही चढलेला नाही.

“तू धावलीस का?” मी विचारलं.

“मी कशाला धावू? तुम्हीच मोठा फेरा मारत येता दर वेळी. मला वाटलं, मोजणीदारांची काही पद्धत असेल.”

मी खाली बघितलं. माझ्या पायाखाली हिरवंगार गवत, एकही खूर न उमटलेलं. आणि तिच्या पायाखाली नांगरलेली माती. ज्याला मी महिनाभर माझ्या कामाची शोभा म्हणत होतो, ते म्हणजे एकही घोडा माझ्या रेषेवरून गेला नव्हता, एवढंच.

मटकन खाली बसलो. ही घाबरली, पाणी आणायला धावली. ती पाणी घेऊन येईपर्यंत मी कागदावर आकडा मांडला. घोडे पळतात ती वाट कुंपणापासून तीन फुटांवर. माझी रेषा तीस फुटांवर. फरक सत्तावीस, एका पूर्ण वर्तुळात एकशे सत्तर फूट. दोन साखळ्या आणि अठ्ठावन्न कड्या. घोड्याला तेवढ्याला साडेतीन सेकंद लागतात.

तांबडीने धावपट्टीवर कधीच मैल पळून काढला नव्हता. आणि जो मैल ती खरोखर रोज पळते, त्यासाठी तिला मार बसतोय.

शनिवार, ११ जानेवारी

मागच्याकडे गेलो. एकतीस वर्षांत त्याच्या खोलीवर दोनदाच गेलो असेन. एक खाट, एक खिडकी, भिंतीवर आमच्या जुन्या साखळीचा तुटका तुकडा खिळ्याला टांगलेला. तो खाटेवर बसून हिने पाठवलेलं तेल गुडघ्याला चोळत होता. उठला नाही.

मी म्हटलं, “तू बोलला होतास.”

“बोललो होतो.”

“मग पुन्हा का नाही बोललास? गेला महिनाभर? सगळं शहर नाचतंय, तू इथे गप्प!”

त्याने तेलाची वाटी खाली ठेवली. “साहेब, एकतीस वर्षांत मी तुम्हाला किती वेळा टोकलं?”

मी आठवून पाहिलं. आठवेना.

“एकदा,” तो म्हणाला. “त्या वळणावर. आणि तुम्ही विचारलंत, मोजणी पुढच्या टोकाची की मागच्या. मी म्हटलं, चला, ठरलं.”

मला वाटलं होतं, तो विनोद होता. मजूर हसले, तोही हसला. मी हसलो नव्हतो का? मीच जास्त हसलो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. “माझं चुकलं,” मी म्हटलं. असं मी कोणाला शेवटचं कधी म्हटलं ते आठवत नाही, त्यामुळे नीट जमलं नाही आणि दोनदा म्हणावं लागलं.

त्याने तेलाचा हात फडक्याला पुसला. मग ओरडला, नेहमीसारखा, मी दोन हातांवर असताना: “मग आता मोजायचं कधी?”

सोमवार, १३ जानेवारी

चिटणिसांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. उठून दार लावून आले.

“मोजणीदार, हे कोणाला ठाऊक आहे?”

“माझी बायको, मागचा, आता तुम्ही.”

“मग राहू द्या ना इथेच. साडेतीन सेकंद! डोळ्याची पापणी लवायला तेवढे लागतात.” लागत नाहीत. “पाहुणे बोलावलेत, पत्रं गेलीत, दगड उद्या जमिनीत बसतोय. उन्हाळ्यात गुपचूप खांब सरकवू.”

“आणि घोडी? वीसला बोट सुटते.”

“जिंकेल किंवा हरेल. घोडीच आहे ती.”

“खऱ्या मैलाला ती त्यांच्या काळ्याच्या दोन सेकंद मागे आहे. तिला तिथे नेऊन हरवायचं, आणि नेईपर्यंत रोज मारायचं, का तर मी मधून चाललो म्हणून?”

ते म्हणाले, “तुमच्याच नावाला बट्टा लागेल, तुम्हीच विचार करा.” मी म्हटलं, विचार केला. खरं तर नव्हता केला. जिना उतरताना केला. रस्त्यावर आलो तेव्हा मनाचा ठाम निश्चय झाला होता. माझ्या नावाखाली खोटा मैल? दोनशे बारा बिननावाचे खरे दगड मागे असताना? शक्य नाही.

शनिवार, १८ जानेवारी

समारंभ झाला. ठरला होता तसा झाला नाही.

सुटण्याच्या जागेशी दगड, पडद्याने झाकलेला. बग्गीवाले पुढे, मागे गर्दी. कापडवाले नव्या कोटात, तांबडीला फुलांनी सजवलेलं, तिचा मोतद्दार लगाम धरून. चिटणिसांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि कानात “दोनच” असंही म्हणाले.

मी म्हटलं, “मंडळी, पडदा उघडण्याआधी मला हा मैल पुन्हा मोजून दाखवायचा आहे. सगळ्यांनी मोठ्याने आकडे मोजा.” लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या. चिटणीस पांढरे पडले. मागचा गर्दीतून साखळी घेऊन आला, गुडघ्याला फडकं घट्ट बांधून.

या वेळी मी त्याला पुढचं टोक दिलं. तो घेईना. म्हणाला, “मला पुढून मोजता येत नाही, सवय नाही.” मी म्हटलं, “कुंपणापासून तीन फूट. कुठून जायचं ते तुला आधीपासून माहीत आहे.” मग घेतलं.

वळणांवर अर्धी अर्धी साखळी धरून आम्ही हळूहळू गेलो. लोक कुंपणाच्या बाहेरून आमच्याबरोबर चालत, ओरडून आकडे मोजत. पन्नासपर्यंत हसत होते. सत्तरला आवाज कमी झाला, कारण खांब समोर दिसू लागला होता. सत्त्याहत्तर साखळ्या, बेचाळीस कड्या. मागचा खांबाला हात लावून उभा राहिला.

मी सांगितलं. मधून मोजलं, चूक माझी, मला ती तेव्हाच कोणीतरी सांगितली होती आणि मी ऐकली नाही. दोन साखळ्या अठ्ठावन्न कड्या कमी. त्रेचाळीस सेकंद खरे नाहीत. रस्त्यावरचे साडेसेहेचाळीस खरे. “घोडीने एक दिवसही अंग चोरलेलं नाही. जे काही चोरलं ते माझ्या रेषेने.”

कोणीतरी शीळ घातली, कोणीतरी “थू!” म्हणालं, बराच आरडाओरडा झाला. पाववाला ओरडला, “म्हणजे माझ्या घोड्याला पुन्हा पाव ओढावे लागणार?” तेव्हा पुष्कळ जण हसले आणि मला धीर आला. कापडवाले तरातरा माझ्याकडे आले. मला वाटलं, आता मारतात. ते माझ्याकडे बघत होते, मग घोडीच्या मांडीकडे बघितलं, वळांकडे. कोटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि स्वाराच्या हातातला चाबूक काढून घेतला. घोडी बोटीवर जाणार नाही, एवढंच म्हणाले.

मोतद्दार तिच्या मानेत तोंड खुपसून उभा होता. तिने त्याच्या टोपीतलं फूल खाल्लं.

पडदा कोणी उघडलाच नाही. आम्ही घरी आलो तेव्हा ही म्हणाली, “भाऊजी, आज तुम्ही पुढे होतात, आज पहिला चहा तुम्हाला.”

शनिवार, १ फेब्रुवारी

सुटण्याचा खांब मागे सरकला. साधा लाकडी, पांढरा रंगवलेला. कुंपणापासून तीन फुटांवरून मोजलेला, मागच्याने आणि मी, दोनदा.

आज खरा मैल पळवला. तांबडी जिंकली, घोड्याच्या चार लांबींनी, चाबूक न लागता. एक मिनिट सेहेचाळीस. अर्धा सेकंद तिने स्वतःच्या मर्जीने काढला. लोक तेवढेच ओरडले, जेवढे डिसेंबरात ओरडले होते. चिटणीस अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत, पण घड्याळ मला दाखवायला मात्र आले.

शनिवार, १ मार्च

दगडाचं काय करायचं यावर मंडळात तीन बैठका झाल्या. तीन हात जमिनीत आहे, उपटला तर फुटेल. शेवटी राहू द्यायचा ठरला, कुंपणाच्या आतल्या बाजूला, जिथे आता ना शर्यत सुटते ना संपते. पडदा वाऱ्याने गेला. ‘मैल’ आणि खाली माझं नाव, चांगलं खोल कोरलेलं. सुरुवातीला मी त्या बाजूला जात नव्हतो. पण बसायला तीच जागा उत्तम आहे. शेवटचं वळण तिथून जसं दिसतं तसं बग्गीवाल्यांनाही दिसत नाही. ही दगडाशी सतरंजी टाकते, मी आणि मागचा बसतो, ती कठड्याला टेकून उभी राहते, कारण तिला जवळून बघायचं असतं.

आज एक परगावचा माणूस शर्यत बघायला आला होता. इकडे तिकडे बघून त्याने मागच्याला विचारलं, “अहो, इथे काही सुटत नाही, काही संपत नाही. मग हा मैलाचा दगड इथे कसा?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागचा नेहमीप्रमाणे ओरडून म्हणाला, “इथं आमचं चुकलं होतं!”

आमचं, म्हणाला तो. मी त्याच्याकडे बघितलं नाही. जरा सरकलो आणि त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला जागा करून दिली.